कथा चौथ्या पानावर अडते: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

लक्षणं

कथा जोमात सुरू होते. तीन पानं एका बैठकीत होतात. चौथ्या पानावर हात थांबतो. दुसऱ्या दिवशी वही उघडली की पुढं लिहिण्याऐवजी पहिलं पान वाचलं जातं, त्यातला एखादा शब्द खोडून दुसरा घातला जातो आणि वेळ संपते. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात वही कपाटात जाते. महिन्यानं दुसरी कथा सुचते, ती आधीच्या कथेपेक्षा फार चांगली वाटते, आणि तिचंही चौथं पान येतं.

याच्या जोडीनं आणखी काही दिसतं. कथा तोंडी सांगायला बसलं तर झकास सांगता येते, कागदावर मात्र उतरत नाही. लेखनाबद्दल वाचणं आणि ऐकणं वाढतं, लिहिणं घटतं. कथेतली माणसं सारखी चहा पिताना, खिडकीबाहेर बघताना, जुनं काहीतरी आठवताना दिसू लागतात. हे शेवटचं लक्षण मी सगळ्यात पक्कं मानते. पुढं काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसलं की कथेत चहाचं आधण ठेवलं जातं.

मी सांगलीत मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत पेढीवर हिशेब बघते. गेली अकरा वर्षं आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी एकमेकांच्या कथा ऐकायला जमतो. माझ्या आणि इतरांच्या वह्यांतला हा बिघाड इतक्या वेळा निस्तरून झालाय की तपासण्यांचा क्रम आपोआप ठरून गेला. बिनखर्चाचं आणि सोपं ते आधी, अवघड ते शेवटी. क्रम पाळा, कारण बहुतेक जण पहिल्याच दिवशी ‘माझ्यात ती प्रतिभाच नाही’ या निदानावर जातात. ते खरं की खोटं हे तपासायची कुठलीही सोय नाही, आणि बहुतेक वेळा पाणी दुसरीकडेच मुरत असतं.

शिल्लक लिहिली होती का?

पेढीवर रोजकीर्दीचं, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीचं, पान बंद करताना शेवटी हातातली शिल्लक लिहितात. दुसऱ्या दिवशीचं पान त्याच आकड्यानं उघडतं, आरंभीची शिल्लक म्हणून. ती न लिहिता पान मिटलं तर सकाळी येणाऱ्याला आदला अख्खा दिवस पुन्हा मोजावा लागतो. कथेच्या वहीत मी कित्येक वर्षं नेमकं हेच करत होते. रोज पहिल्या पानापासून मोजणी, आणि मोजण्यातच बैठक संपायची.

म्हणून वहीवरून उठण्याआधी दोन-तीन ओळी लिहा आणि त्यांवर सरळ ‘शिल्लक’ असं लिहा. माझ्या एका वहीतली अशी आहे: ‘सुनेनं किल्ली मागितली. आजीनं अजून उत्तर दिलं नाही. किल्ली कुठं आहे ते वाचकाला माहीत आहे, सुनेला नाही.’ कोणाला कोणाकडून काय हवंय आणि ते अजून मिळालेलं नाही, एवढंच शिलकेत येतं. ‘इथं वातावरण गडद करायचं’ ही शिल्लक नव्हे, त्यातून उद्याचं पहिलं वाक्य निघत नाही. दुसऱ्या दिवशी मागचं काही वाचायचं नाही. शिल्लक वाचायची आणि तिच्या खालून सुरू करायचं.

आमच्या गटात अडलेल्या कथांपैकी बऱ्याच कथा एवढ्यावरच सुटल्या आहेत. म्हणून ही तपासणी पहिली.

वेळ कुठं जातो, ते एकदा टिपा

रोज पहाटे पाचला उठून लिहा, हा सल्ला मी देत नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत नवी हळद येते. सौदे, तोलाई, शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या, व्यापाऱ्यांची येणी, यातून घरी यायला रात्रीचे नऊ होतात. मी दर १ जानेवारीला संकल्प करायचे, तो फेब्रुवारीत मोडायचा, आणि मोडला म्हणून उरलेलं वर्षही हातचं जायचं. संकल्प चुकीच्या महिन्यात होत होता हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आठवडाभर फक्त टिपून ठेवा, मोकळी वीस-पंचवीस मिनिटं कधी मिळाली ते. मला ती दुपारच्या डब्यानंतर सापडली. तेवढ्यात माझे दीडशे शब्द होतात. दिवाळी अंकात बसणारी कथा ३००० शब्दांची धरली तर वीस बैठका झाल्या. हंगामात मी कथा लिहीत नाही, यार्डात कानावर पडलेलं रोज एक वाक्य लिहून ठेवते. कच्चा खर्डा मे अखेरीस सुरू करते. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथालेखकाचं वर्ष दिवाळीला बांधलेलं आहे. अंकांचं साहित्य पावसाळ्यात जमतं, त्यामुळे हा हिशेब मला तरी सोयीचा पडतो. तुमचा हंगाम उसाचा असेल, शाळेच्या परीक्षांचा असेल, घरातल्या आजारपणाचा असेल. तो वजा करूनच बेत आखा.

चुकलेल्या दिवसाचे शब्द मात्र ‘येणे बाकी’ म्हणून पुढं ओढू नका. थकबाकी चढली की माणूस वहीकडं फिरकत नाही.

हत्यार

जागा आणि टेबल यांवर फार वेळ घालवू नका. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे मुंबईत घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून लिहीत होते. टाइप करणं मात्र जरूर तपासा. हाताचा वेग मनाच्या वेगाहून फार कमी असेल तर चौथ्या पानापर्यंत जीव थकतो, आणि आपल्याला वाटतं कथा आटली. मोबाइलवर मराठी टाइप करताना दर ओळीत दोनदा मागं जावं लागत असेल तर पहिला खर्डा हातानं लिहा. नाहीतर फोनला बोलून सांगा, तो टाइप करतो. विरामचिन्हं गाळतो, जोडाक्षरं चुकवतो, पण ते नंतर नीट करता येतं. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर उतारवयात दृष्टी गेल्यावर सांगून लिहून घेत, तेव्हा तोंडी लेखन हलक्या प्रतीचं असं मनात आणू नका.

आणखी एक. जुन्या फाँटात टाइप केलेली कथा दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी होते. पहिल्यापासून युनिकोडमध्येच ठेवा.

सांगून टाकलीत का?

कट्ट्यावर, गाडीत, जेवताना कथा पूर्ण सांगून झाली असेल तर ऐकणाऱ्याचा ‘अरे वा’ मिळून गेलेला असतो. लिहिण्याची ओढ त्या ‘अरे वा’साठीच होती. खर्डा पुरा होईपर्यंत कुणाला सांगू नका. आमच्या गटात अर्धी कथा वाचायला बंदी आहे ती यासाठीच. पुरी झाली की हवी तितक्या मोठ्यानं वाचा.

एका वाक्यात ‘पण’ घालून सांगा

कथा एका वाक्यात लिहा, वाक्याच्या मध्ये ‘पण’ यायलाच हवा. ‘एका हमालाच्या आयुष्याची गोष्ट’ यात ‘पण’ नाही, तो विषय झाला. ‘हमालाला मुलाच्या लग्नासाठी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हवी आहे, पण ज्या मुकादमाकडं मागायची त्याच्याविरुद्ध त्यानं कालच साक्ष दिली आहे’ ही कथा आहे. ‘पण’ सापडत नसेल तर चौथ्या पानावर लिहायला काही शिल्लकच नाही. उलट ‘पण’ चार-पाच निघाले तर तुमच्या हातात कादंबरी आहे आणि तुम्ही ती आठ पानांत कोंबताय. एकच ‘पण’ घ्या, बाकीचे वेगळ्या कागदावर ठेवा.

आठवण कुठं संपते?

इथवर सगळं ठीक निघालं तर पुढची तपासणी करा. खरं घोडं इथंच पेंड खातं असं माझं मत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर मी एक कथा लिहायला घेतली. आमचं घर गावभागात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कथेतली पहिली तीन पानं नुसती धावली. गॅसची टाकी माळ्यावर चढवणं, रेशनकार्ड आणि मुलीच्या मार्कशीटा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधणं, अंगणात पाणी आल्यावर शेणाचा आणि डिझेलचा मिळून येणारा वास. चौथ्या पानावर आम्ही टेम्पोत बसून तासगावला बहिणीकडं निघालो, आणि कथा बंद पडली. दोन वर्षं बंद होती. ‘मी’ काढून ‘ती’ केलं, सुरुवात बदलली, विशेषणं कमी केली. ढिम्म हलली नाही.

मग एका दुपारी तांबडी पेन्सिल घेतली आणि जे जे जसंच्या तसं घडलं होतं त्या ओळींखाली रेघ मारत गेले. चारही पानं तांबडी झाली. रेघ जिथं संपली तिथंच कथाही संपली होती. कारण आठवण तिथं संपत होती: पुढचे आठ दिवस आम्ही तासगावात टीव्हीसमोर बसून होतो, दुसरं काही घडलंच नव्हतं.

तुम्हीही हे करून बघा. खर्च एका पेन्सिलीचा. तांबडी रेघ आणि कथा एकाच जागी थांबत असतील तर बिघाड सापडला. आठवण आपल्याला धावत नेते कारण तिथं काही ठरवावं लागत नाही. ती संपल्यावर पहिल्यांदा काहीतरी ठरवायची पाळी येते, आणि त्याची सवय नसल्यानं आपण ‘सुचत नाही’ असं म्हणतो. सुचण्याची वाट बघायची नसते. एक गोष्ट ठरवायची असते.

आमच्या वाड्यातल्या एक आजी त्या वेळी हट्टानं मागं राहिल्या होत्या, नंतर त्यांना बोटीतून काढलं. त्या का राहिल्या ते मला माहीत नव्हतं. वाड्याच्या जिन्यालगत भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती. तेव्हा पाणी आयर्विनपाशी ५३ फुटांच्या वर गेलं होतं आणि त्याहून मोठा पूर येईल असं आमच्यापैकी अनेकांना वाटतच नव्हतं. मी ठरवलं की माझ्या कथेतली आजी त्या खुणेच्या भरवशावर राहते. गेल्या खेपेला पाणी या रेघेपर्यंत आलं, तिच्यावर नाही आलं, मग आपण तीन पायऱ्या वर बसलो की झालं. रात्री दोन वाजता पाणी खुणेला लागतं. हे घडलेलं नाही, मी ठरवलेलं आहे. त्यानंतर कथा अकरा बैठकांत पुरी झाली आणि टेम्पोचं सगळं पान मी काढून टाकलं.

ठरवलेली गोष्ट त्या जागेच्या खऱ्या तपशिलातून आली तर ती टिकते. भिंतीवरची खूण खरी होती म्हणून तिच्यावर रचलेला भरवसा वाचकाला खरा वाटला. नुसता अपघात किंवा अचानक आलेलं पत्र ठरवलं असतं तर कथा सहाव्या पानावर पुन्हा अडली असती.

त्या माणसांचे शब्द माहीत आहेत का?

हे जरा महाग आहे, कारण उठून जावं लागतं. पलूस तालुक्यातला एक तरुण आमच्याकडं येतो. त्यानं ऊसतोड कामगारांवर कथा घेतली होती. आपल्याकडं दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू होतात, बीडकडून टोळ्या येतात, त्यांच्या कोपी, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात, हे तो लहानपणापासून बघत आलेला. पण बघितलेलं सगळं रस्त्यावरून. त्याच्या कथेत फड होता, थंडी होती, ट्रॅक्टरचे दिवे होते, आणि माणसं नुसती उदास होती. चौथं पान आलं आणि थांबली.

मी त्याला म्हटलं, दादा, त्यांच्याशी बोलून ये. तो तीन संध्याकाळी एका टोळीत जाऊन बसला आणि परत आला तो एक शब्द घेऊन. ‘कोयता’ म्हणजे तो हत्यार समजत होता. तिथं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, म्हणजे जोडीवर. एकटा माणूस अर्धा कोयता. हे कळल्यावर त्याच्या कथेतल्या बाईच्या आजारपणाला अर्थ आला. ती झोपडीत पडून राहिली तर नवरा त्या दिवसापुरता अर्धा होतो आणि उचल फिटायची लांबते. त्यामुळे ती ताप लपवते. कथेला ‘पण’ मिळाला, आणि उदास हा शब्द त्यानं स्वतःच सगळीकडून खोडला.

प्रत्येक कामाच्या स्वतःच्या शब्दांत त्या कामातली भांडणं दडलेली असतात. हळदीच्या पेवांबद्दल, म्हणजे साठवणीच्या जमिनीखालच्या खड्ड्यांबद्दल, लिहायचं तर हरिपूरला जाऊन पेव कसं भरतात ते विचारा, मिरजेतल्या सतार करणाऱ्यांबद्दल लिहायचं तर भोपळा कुठून येतो आणि तो फुटला तर नुकसान कुणाचं ते विचारा. ‘नुकसान कुणाचं’ हा प्रश्न तर प्रत्येक ठिकाणी विचारा. जाताना सरळ सांगा की मी कथा लिहितोय, आणि त्यांच्या कामाच्या वेळेत जाऊन मध्ये उभे राहू नका.

सगळे एकसारखं बोलतात का?

पानावरची बोलणाऱ्यांची नावं हातानं झाका. कोण बोलतंय ते कळत नसेल तर माणसं अजून उभी राहिलेली नाहीत आणि म्हणून ती पुढं काही करत नाहीत. जतच्या पूर्व भागातल्या माणसाच्या मराठीला कानडीचा हेल असतो, साताऱ्याच्या जावळीकडचा माणूस निराळा बोलतो, आणि एकाच घरातली सासू आणि कॉलेजात जाणारी नातही सारखं बोलत नाहीत. दर शब्द बोलीत लिहायची गरज नाही. वाक्याची चाल बदलली तरी पुरतं.

यावर आमच्याकडं एक उपाय लागू पडतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं तेव्हा पदं लिहिलेली असत, संवाद मात्र नट आयत्या वेळी आपल्या मनानं बोलत. आम्ही अडलेला प्रसंग दोघांना वाटून देतो, लिहिलेलं वाचून संपलं की तसंच पुढं बोलत राहायला सांगतो. पाचेक मिनिटांत दोघांपैकी एक जण असं काही बोलतो की लिहिणारा पटकन वही उघडतो.

घरचे वाचतील ही भीती

ही तपासणी शेवटची कारण ती सर्वांत अवघड आहे, आणि ती तुमची तुम्हालाच करावी लागते. कथा जिथं थांबली त्याच्या पुढचा प्रसंग डोळ्यासमोर आणा आणि तो कुणी वाचू नये असं वाटतं ते नाव मनात घ्या. नाव लगेच आलं तर अडचण कलेची नाही. आमच्या गटातल्या एक काकू भावा-बहिणींच्या वाटणीची कथा चार वर्षं लिहीत होत्या. दरवेळी वकिलाच्या ऑफिसच्या दारात कथा थांबायची, कारण आत गेल्यावर थोरला भाऊ काय बोलला ते लिहावं लागणार होतं.

त्यांना मी एवढंच सुचवलं: छापायचं की नाही हे आज ठरवू नका, आधी पुरी लिहा. मग धंदा बदला, गाव बदला, भावाची बहीण करा. त्यांनी थोरल्या भावाची थोरली बहीण केली आणि लिहिता लिहिता त्यांना त्या बहिणीची बाजू कळू लागली. कथा चांगली झाली. त्यांनी ती अजून कुठं पाठवलेली नाही, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो.

इथं थांबा आणि जाणकाराला गाठा

कथा तीनदा पुरी लिहून झाली, ऐकणारे प्रत्येक वेळी वेगळी खोट सांगताहेत आणि तुम्हाला कुठलीच पटत नाही, तर स्वतः खोडत बसू नका. अनुभवी संपादकाला दाखवा. काय बघायचं आणि मानधन किती हे आधीच बोलून घ्या. मुद्रितशोधक शुद्धलेखन बघतो, कथा बघत नाही, दोघांची कामं वेगळी आहेत. अपुरी कथा संपादकाकडं नेऊ नका, आणि पैसे घेऊन ‘पुरी करून देतो’ म्हणणाऱ्याकडं तर मुळीच नको.

कथेतला माणूस गावाला ओळखू येईल असा असेल आणि त्याच्यावर काही आरोप येत असेल, तर छापायला देण्याआधी वकिलाला वाचायला द्या. नाव बदललं की सुटलो हा समज खोटा आहे.

लिहिताना अंगठा-बोटं बधिर होत असतील, मुंग्या येत असतील तर वही मिटा आणि डॉक्टरकडं जा. मलम चोळून लिहीत राहू नका.

आणि हे नीट वाचा. फक्त लिहिणंच नव्हे, जेवण, माणसं, आवडती गाणी यांपैकी कशातच मन लागत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त झोप बिघडली असेल, किंवा पुराची, मारहाणीची, एखाद्या मृत्यूची गोष्ट लिहिताना ती अंगावर येऊन दिवसभर सोडत नसेल, तर वरच्या तपासण्या बंद करा. हा लेखनाचा बिघाड नाही. घरच्या माणसाला सांगा, मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच क्षणी टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा, तो चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे. मराठीत बोलता येतं.

आमच्यातल्या एका ताईंनी अशा कारणानं आठ महिने लिहिलं नाही. रविवारी त्या येत होत्या, नुसत्या ऐकत बसत होत्या, कुणी त्यांना वहीबद्दल विचारलं नाही. गेल्या श्रावणात त्यांनी एक दिवस वही काढली, शेवटचं लिहिलेलं पान उघडलं आणि शिल्लक मोठ्यानं वाचली: ‘दार वाजलंय. बाबा उठले नाहीत.’ मग पेन मागितलं.